युरोपातलं घर आणि भिंतीतून आलेले दोन पाइप

नेकारकाठचा

परवा मावसभावाचा फोन आला. त्याच्या लेकाची पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिली पातळी झाली आहे आणि आता घरात ‘त्याला तिकडे पाठवायचं’ असं घाटतंय. बोलता बोलता म्हणाला, “तुमचं काय बाबा! सकाळी उठलं की खिडकीत आल्प्स.”

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ एसलिंगनला राहतो. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे कचऱ्याचे चार डबे दिसतात. आल्प्स बघायचे तर दोन-तीन तास गाडी हाणावी लागते, तीही आकाश मोकळं असेल तर. पण चूक त्याची नाही. गेल्या सहा वर्षांत स्टेटसला टाकलेले फोटो मीच त्या रात्री चाळले. ख्रिसमसचा बाजार, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, बर्फात लोळणारी लेक, द्राक्षमळे. एकाही फोटोत मी जिना पुसताना नाही.

आणि जिना तर मी दर तीन आठवड्यांनी पुसतो. या श्वाबेन भागात ‘केरवोखं’ नावाची प्रथा आहे. ‘वोखं’ म्हणजे आठवडा, ‘केर’ म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. आपली पाळी आली की दाराला एक पाटी लटकते. जिना, तळघराची वाट, फाटकासमोरची फरशी, आणि हिवाळ्यात तिथला बर्फही. पाळी संपली की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. मी पहिल्यांदा जिना पुसला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजीबाई बाहेर आल्या, कठड्याखालून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या. मी पुन्हा पुसला.

आता घराविषयी. भाड्याचं घर मिळायला आम्हाला सात महिने लागले. शेवटी मिळालं त्यात स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती, भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप आणि शेगडीसाठी सोडलेली, तोंडाला चिकटपट्टी गुंडाळलेली एक जाड वायर. ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. छताला दिवे नाहीत, नुसत्या वायरी लोंबताहेत. मला वाटलं चोरी झाली. तसं नव्हतं, आधीचे भाडेकरू आपलं किचन उचलून पुढच्या घरी घेऊन गेले होते. इथे बऱ्याच ठिकाणी तशीच रीत आहे. नवं किचन येऊन बसेपर्यंत तीन आठवडे आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यावर इंडक्शन ठेवून स्वयंपाक केला आणि भांडी न्हाणीतल्या टबात घासली. टबाशी गुडघ्यावर बसून कुकर घासता घासता बायको म्हणाली, “हा फोटो टाक की स्टेटसला.” नाही टाकला.

पगाराचं गणित तर मावसभावाने फोनवरच मांडलं. वर्षाला साठ हजार युरो म्हणजे अमुक इतके लाख. बरोबर आहे. पण एकट्या माणसाच्या हातात ५००० च्या जागी महिन्याला साधारण ३१००-३२०० येतात. निवृत्तिवेतनाला पगाराच्या १८.६ टक्के, आरोग्यविम्याला १४.६ आणि वर विमा कंपनीची जादा टक्केवारी. यातलं निम्मं मालक भरतो, निम्मं आपण. शिवाय बेकारीचा विमा, शुश्रूषेचा विमा, आणि मग आयकर. घरात टीव्ही असो-नसो, नभोवाणीची वर्गणी घरटी महिना १८ युरो ३६ सेंट. उरलेल्यातून भाडं. तेही दोन प्रकारचं, ‘थंड’ म्हणजे नुसत्या घराचं आणि ‘गरम’ म्हणजे हीटिंग-पाणी वगैरे धरून. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते थंड.

मी रडत नाहीये. तीस दिवस रजा मिळते, संध्याकाळी साडेपाचला घरी असतो, साहेब रात्री फोन करत नाही. मुद्दा वेगळा आहे. पुण्यात आम्ही ज्याला ‘आरामाचं आयुष्य’ म्हणायचो त्यातला निम्मा आराम पोळ्यावाल्या मावशी, इस्त्रीवाला, सुतार आणि वॉचमनकाका यांच्या स्वस्त मजुरीचा होता. इथे ती मजुरी स्वस्त नाही. नसावीही. पण मग कपाट चौथ्या मजल्यावर कोण चढवणार? मीच. फोटोत सगळं खरं असतं, फक्त ते कोणी उचलून आणलं ते दिसत नाही.

तुमचे अनुभव लिहा. मावसभावाला दुवा पाठवणार आहे.

गवती_चहा

टबातला कुकर!! आम्ही म्युनिकला भांडी कपड्यांच्या मशीनमध्ये घालायचा विचार केला होता. विचारच फक्त.

सांगलीची_सिस्टर

दादा, जिन्याचं वाचून हसले. माझं थोडं वेगळं आहे, लिहिते.

मी सांगलीत आठ वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स होते. जर्मनची बी-टू, म्हणजे चौथी पातळी करून आले. तरी आल्या आल्या पूर्ण नर्स म्हणून धरलं नाही. पदवीला मान्यता मिळेपर्यंत काही महिने शिकाऊ, परीक्षा, मग कायम. हे एजंटने सांगितलं होतं. जे सांगितलं नव्हतं ते असं की इथे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, डायपर हे सगळं नर्सचंच काम. आपल्याकडे ते नातेवाईक करतात किंवा आयाबाई, मावशी. मी सांगलीत इंजेक्शनं, व्हेंटिलेटर, इनचार्जपद सांभाळलेली बाई. पहिल्या दिवशी नव्वदीच्या एका आजोबांना न्हाऊ घातलं आणि कपडे बदलायच्या खोलीत बसून रडले. आईला फोनवर सांगितलं, “इथं मला आया केलीया.”

आता चार वर्षं झाली. आता तसं वाटत नाही. आंघोळ घालताना पाठीवरची जखम मलाच आधी दिसते, डॉक्टरला नंतर. आणि डॉक्टरला मी ‘सर’ म्हणत नाही, आडनावाने हाक मारते. त्यांचं चुकलं तर चुकलं म्हणते. सांगलीत हे केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसले असते.

रात्रपाळीचं मात्र इथेही तेच. दोन नर्स, तीसेक पेशंट. त्याचा फोटो मीही कधी टाकला नाही.

रोखठोक

दर दोन महिन्यांनी एक असा धागा येतो. तिकडे भांडी घासावी लागतात, तिकडे ऊन नाही, तिकडे कढीपत्ता मिळत नाही. मग परत या ना! विमानं दोन्ही बाजूंनी जातात. इथे खड्ड्यांतून रोज दीड तास हिंजवडी गाठणाऱ्याला जिना पुसायचं दुःख ऐकवणं म्हणजे उपाशी माणसासमोर पोट बिघडल्याची तक्रार करणं.

नेकारकाठचा

@रोखठोक, उपाशी माणसाचं बरोबर बोललात. पण तक्रार नाही हो ती. कर्ज काढून मुलगा धाडणाऱ्याला आधी कळावं, एवढंच. भाऊ शेताचा एक तुकडा काढायचं म्हणतोय.

तापीपुत्र

शेत विकायचं चाललं असेल तर तुमच्या मावसभावांनी हे वाचावं. मी जळगावचा, इथे मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला.

१) “जर्मनीत शिक्षण फुकट.” बहुतेक सरकारी विद्यापीठांत खरं आहे. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे धागाकर्ते राहतात तिथेच, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो फी आहे. कन्सल्टन्सीने मला हे प्रवेश झाल्यावर सांगितलं.

२) व्हिसासाठी बँकेच्या बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. त्यातले महिन्याला ९९२ काढता येतात. घरच्यांना वाटतं पोराला सरकार स्टायपेंड देतंय. बाबांचेच पैसे बाबांनाच दाखवून आम्ही खातो. खोलीचं भाडं ४३०, विद्यार्थी विम्याचे साधारण १४०, उरलेल्यात सगळं.

३) खोली. हा सगळ्यात मोठा. सव्वाशे मेल पाठवले. एका “मालकाने” सांगितलं की मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल. माझ्याबरोबरच्या मुलाने पाठवले ८०० युरो. किल्ली अजून येतेय. खोली नाही तर मालकाचं पत्र नाही, पत्र नाही तर नगरपालिकेत नोंदणी नाही, नोंदणी नाही तर करक्रमांक नाही, करक्रमांक नाही तर अर्धवेळ नोकरीत पगार कापून येतो. आणि नोंदणी तर घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते! पहिला महिना मी एका सीनियरच्या स्वयंपाकघरात झोपलो. (नशिबाने त्यात ओटा होता.)

४) कोर्स इंग्रजीत असतो, नोकरी जर्मनमध्ये. ए-वनवर येऊ नका. मी आलो. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, ते सगळे मी गोदामात खोकी चढवण्यात घालवले, कारण तिथे बोलावं लागत नाही. आता रात्री बी-वनचा क्लास करतो.

तरी परत जाणार का? नाही. इथल्या लॅबमध्ये मशीनला हात लावायला मिळतो. आमच्या कॉलेजात ते कपाटाच्या काचेतून बघायचो.

कालव्याकाठी

नेदरलँड्समधून. घराची रडकथा इथेही तीच, वर जिने असे उभे की शिडीच म्हणा. अॅमस्टरडॅमच्या जुन्या घरांच्या कपाळाला मोठा आकडा (हूक) असतो, पर्यटक त्याचे फोटो काढतात. जिन्यातून सोफा जात नाही म्हणून तो दोरीने बांधून खिडकीतून वर ओढायला तो आकडा आहे. आमचा सोफा तसाच आला. खाली मी दोर धरलेला, वरून नवरा ओरडतोय, आणि रस्त्यावरचा एक जपानी माणूस व्हिडिओ काढतोय.

फॅमिली डॉक्टरबद्दल तर वेगळा धागा हवा. त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही आणि तो चिठ्ठी देत नाही. ताप आहे? पॅरासिटामोल. कान दुखतो? पॅरासिटामोल. दोन आठवड्यांत बरं नाही वाटलं तर या. आणि दोन आठवड्यांत बरं वाटतंच, तो भाग वेगळा. त्यात तज्ज्ञाकडे पोचलोच तर वर्षाचे पहिले ३८५ युरो आपल्याच खिशातून, मग विमा.

पण धागाकर्त्यांच्या “इथे सगळं आपणच करायचं” याला माझा एक अपवाद आहे. माझं बाळंतपण झालं. आईचा व्हिसा लांबला, ती वेळेवर पोचली नाही. मी घाबरून गेले होते. इथे ‘क्रामझोर्ख’ म्हणून व्यवस्था आहे. बाळ झालं की आठवडाभर रोज काही तास एक प्रशिक्षित बाई घरी येते, बराचसा खर्च विम्यातून. आमच्याकडे आलेली बाई साठीची, सहा फूट उंच. तिने बाळाचं वजन केलं, माझे टाके पाहिले, दूध कसं पाजायचं ते दाखवलं, कपडे धुतले, नवऱ्याला डायपर शिकवला, भेटायला आलेल्यांना चहा दिला आणि वीस मिनिटांनी “आता निघा, आईला झोपायचंय” म्हणून हाकललंही. कुरकुरीत टोस्टवर लोणी आणि वर बडीशेपेच्या गोळ्या असा इथला बारशाचा खाऊ असतो. तो तिनेच केला. बाळंतिणीला बडीशेप, म्हणजे आजीचंच औषध! आठव्या दिवशी ती गेली तेव्हा मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिने पाठ थोपटली आणि घड्याळ पाहिलं, पुढच्या घरी जायचं होतं.

तेव्हा स्वस्त मजूर नाही हे खरं, पण बाळंतीण एकटी पडू नये हे या लोकांनी विम्याच्या करारात लिहून ठेवलंय. माझ्या माहेरी ते आईच्या आणि मावशीच्या जिवावर चालायचं.

गवती_चहा

@कालव्याकाठी, घड्याळ पाहिलं! अगदी अगदी.

गोदाकाठचे_आजोबा

मी नाशिकचा, वय ७३. मुलगा-सून हॅनोव्हरला. दोनदा जाऊन आलो. नव्वद दिवसांच्या वर राहता येत नाही आणि मला विचाराल तर राहवतही नाही.

पहिल्या खेपेला नोव्हेंबरात गेलो. चार वाजता दिवेलागण. सौ. म्हणाल्या, सांजवात लावू का, तर मुलगा म्हणाला, आई, अजून माझी मीटिंग चालू आहे. तीन महिन्यांत दारावरची बेल चार वेळा वाजली. तीन वेळा पार्सल, तेही शेजाऱ्याचं. शेजारी भले लोक आहेत, पण आधी वेळ ठरवल्याशिवाय पाणीसुद्धा मागता येत नाही असं वाटतं.

रिकामपणावर मी एक उद्योग शोधला. प्लास्टिकच्या बाटलीमागे तिथे २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीमागे ८. दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की चिठ्ठी मिळते. मी सकाळी फिरायला जाताना पिशवी नेऊ लागलो. बागेतल्या बाकाखाली, बस थांब्यावर. महिन्याभरात सत्तावीस युरो झाले, नातवाला चित्रांचं पुस्तक घेतलं. सुनेला कळलं तेव्हा ती बिचारी गोरीमोरी झाली. तिथे गरीब म्हातारी माणसं तशा बाटल्या गोळा करून दिवस काढतात, हे तिने मला सांगितलं. मग मला आठवलं, एक बाई रोज त्याच वेळी तिथे यायची आणि मला पाहून वळून जायची. तिचा वाटा मी घेत होतो. श्रीमंत देशात म्हातारी बाई कचऱ्यात हात घालते हे मी नाशकात कोणाला सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत.

दुसरी फजिती. कचरा टाकायला खाली गेलो, मागे दार ओढलं गेलं. तिथली दारं ओढली की बंद, किल्ली आत. मी बनियनवर, बाहेर तीन अंश. कुलूपवाला आला, त्याने फटीतून प्लास्टिकची पट्टी सारली, मी शिंकायच्या आत दार उघडलं. बिल १८० युरो. मुलगा काही बोलला नाही. मीच सहा दिवस बाटल्यांचा हिशेब मनात करत होतो, ७२० बाटल्या.

सांगलीची_सिस्टर

आजोबा 🙏 तुमचा प्रतिसाद वॉर्डमध्ये वाचला. त्या बाईचं डोक्यातून जात नाही.

परतीची_पक्षीण

नऊ वर्षं स्टुटगार्टला होतो, दोन वर्षांपूर्वी पुण्यात परत. त्यामुळे @रोखठोक, आले हो परत.

काय आठवतं ते सांगते. मुलगी दुसरीपासून एकटी चालत शाळेत जायची. सकाळी अंधारात, दप्तरावर चमकणाऱ्या पट्ट्या, कोपऱ्यावर दोन मैत्रिणी थांबलेल्या. गाड्या थांबायच्या तिच्यासाठी. इथे ती आता सहावीत आहे आणि समोरच्या वाण्याकडे पाठवायचं तरी मी गॅलरीत उभी राहते.

पण तीच शाळा सव्वाबाराला सुटायची! नोकरी कशी करायची? शाळेनंतरच्या पाळणाघरात जागा नाही, यादीत नाव. मी पाच वर्षं अर्धवेळ काम केलं, तेवढ्यात माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझा साहेब झाला. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या आईला टोमणा मारायला जर्मनमध्ये खास शब्द आहे, ‘राबेनमुटर’. शब्दशः डोमकावळ्याची माय, पिल्लांना टाकून जाणारी. माझ्या मराठी कानाला तो नेहमी “मी राबेन” असाच ऐकू यायचा. कायद्याने एक वर्षावरच्या मुलाला पाळणाघराचा हक्क २०१३ पासून आहे, पण हक्क आणि जागा यांची गाठ पडावी लागते. शाळेतल्या मुलांसाठी असा हक्क २०२६ पासून पहिलीच्या वर्गापासून येतोय, आमची वेळ निघून गेली.

आणि चौथी. चौथीच्या गुणांवर मूल पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार ते ठरायला लागतं. दहा वर्षांचं पोर! लेकीच्या बाईंनी सांगितलं, हिचं जर्मन जरा कच्चं आहे, मधल्या दर्जाच्या शाळेत घाला. परतायचा निर्णय आम्ही त्या रात्री घेतला. चुकला की बरोबर, रोज वेगळं उत्तर येतं. आज स्वयंपाकाच्या मावशी आल्या नाहीत, तर आज चुकला.

रोखठोक

@परतीची_पक्षीण, स्वागत. पण मी आधीचं मागे घेत नाही. एक मात्र विचारायचंय. रेल्वे तरी वेळेवर असते ना? ती एक गोष्ट मी गेली वीस वर्षं लोकांना सांगत आलोय.

नेकारकाठचा

@रोखठोक, बसा, पाणी प्या. २०२४ मध्ये जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर होत्या. वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. आणि रद्द झालेली गाडी या हिशेबात धरतच नाहीत, जी आलीच नाही तिला उशीर कसला! स्टुटगार्टचं नवं भुयारी स्टेशन २०१० ला खणायला घेतलं, २०१९ ला उघडणार होतं. पुण्याच्या मेट्रोला शिव्या देणाऱ्यांनी एकदा येऊन तो खड्डा बघून जावा. पण महिन्याच्या एका पासात देशभरच्या लोकल, बस, ट्राम चालतात. २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा ४९ युरोला होता, आता ६३ ला. गाडी उशिरा येते, पण मी अजून कार घेतली नाही.

@कालव्याकाठी, क्रामझोर्खचा मुद्दा मान्य. माझं “सगळं आपणच” जरा सैल झालं. बायको म्हणते आधी हे कळलं असतं तर नेदरलँड्सला गेलो असतो.

@गोदाकाठचे_आजोबा, तुमच्या प्रतिसादानंतर मी बाटल्या डब्यात टाकत नाही, डब्याशेजारी खाली उभ्या ठेवतो. इथले पुष्कळ लोक तसं का करतात ते मला सहा वर्षं कळलं नव्हतं.

मावसभावाने धागा वाचला. शेत विकत नाहीये. मुलगा आधी बी-टू करणार. त्याने तापीपुत्रचा पत्ता मागितलाय, व्यनि (खाजगी निरोप) करतो.

जाता जाता. आम्ही पुढच्या महिन्यात घर बदलतोय. नव्या घरात किचन आहे (!), त्यामुळे आमचं विकायचंय. तीन मीटर वीस, सिंक डावीकडे, चार शेगड्या, ओव्हन. स्टुटगार्टच्या आसपास कोणी असेल तर ६०० युरो, खोलणं आणि चौथ्या मजल्यावरून उतरवणं ज्याचं त्याने. पोहे देईन.

तापीपुत्र

दादा, उतरवायला मी आणि दोन मित्र येतो. गोदामाचा अनुभव आहे. पोह्यांवर शेंगदाणे घाला.

संपादक

खरेदी-विक्रीच्या जाहिराती कृपया ‘छोट्या जाहिराती’ विभागात द्याव्यात. शेवटचा परिच्छेद तिकडे हलवत आहोत. पोह्यांचा उल्लेख राहू दिला आहे.